चाळिशीनंतर गर्भनिरोधक गोळी: चालू ठेवायची, बदलायची की थांबवायची, कसं ठरवाल?

दुसऱ्या बाळंतपणानंतर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी पुढे वर्षानुवर्षं चालूच राहते, असं अनेक घरांत होतं. केमिस्ट ओळखीचा असतो, पाकीट मागितलं की मिळतं. लोकलची धावपळ, मुलांची दहावी-बारावी, सासूबाईंची औषधं या सगळ्यात स्वतःसाठी डॉक्टरांकडे जायचं राहून जातं. चाळिशीनंतर गोळी बंदच केली पाहिजे असं मुळीच नाही. प्रकृती चांगली असेल, रक्तदाब ठीक असेल, सिगारेट ओढत नसाल तर ती पन्नाशीपर्यंत घेता येते. मात्र तिशीत झालेल्या तपासणीच्या भरवशावर पंचेचाळिशीत ती गिळत राहू नका.

सुरुवात पाकिटापासून करा. त्यावर ‘एथिनिल एस्ट्रॅडिऑल’ (हे इस्ट्रोजेन) आणि सोबत दुसऱ्या हार्मोनचं नाव असेल, तर ती संयुक्त गोळी. माला-एन आणि माला-डी याच प्रकारच्या. त्यांच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. ‘छाया’ किंवा ‘सहेली’ ही गोळी वेगळी: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, इस्ट्रोजेन नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. खालचं सगळं संयुक्त गोळीबद्दल आहे, कारण वयानुसार जास्त काळजी तिचीच घ्यावी लागते.

मग रक्तदाब मोजून घ्या. एवढी एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा. पालिकेच्या ‘आपला दवाखान्या’त तो मोफत मोजतात. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर राहत असेल तर संयुक्त गोळी सहसा देत नाहीत. १६०/१०० च्या पुढे तर नाहीच नाही. उच्च रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, म्हणून ‘मला काही त्रास नाही’ यावर विसंबू नका.

डॉक्टरांकडे जाताना काही गोष्टी कागदावर लिहून न्या. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, आईला किंवा बहिणीला कमी वयात झाली होती का. मधुमेह, यकृताचा आजार, स्तनातली गाठ. अर्धशिशी असेल तर डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसतो का, एका हाताला मुंग्या येतात का, हे आवर्जून सांगा. तसं होत असेल तर पक्षाघाताचा धोका वाढतो आणि ही गोळी थांबवावी लागते. पस्तिशीनंतर सिगारेट आणि संयुक्त गोळी एकत्र चालत नाही. मशेरी लावत असाल तर तेही सांगा. ‘ते काय तंबाखू थोडंच’ असं म्हणून बायका ते सोडून देतात, पण निकोटिन त्यातूनही शरीरात जातंच. टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही चार आठवडे गोळीवर भरवसा ठेवता येत नाही.

‘शरीराला आराम’ म्हणून मधूनच दोन-तीन महिने गोळी बंद करण्याचा सल्ला मैत्रिणी देतात. तो ऐकू नका. वर्षभरात १०,००० स्त्रियांमागे, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्यांत साधारण २ जणींना गुठळी होते. संयुक्त गोळीतलं दुसरं हार्मोन लेव्होनॉरजेस्ट्रेल असेल तर ५ ते ७ जणींना, ड्रोस्पिरेनोन असेल तर ९ ते १२ जणींना. हा धोका पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असतो, आणि महिनाभर थांबून पुन्हा सुरू केलं की तो वाढलेला काळ नव्याने सुरू होतो. शिवाय त्या ‘आरामा’च्या महिन्यांत दिवस जाऊ शकतात.

गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला घेतात त्या गोळ्या निराळ्या. त्यांनी गर्भधारणा टळेल असं धरून चालू नका आणि रोजच्या गोळीसोबत मनानेच घेऊ नका. तुम्ही संयुक्त गोळीवर आहात हे डॉक्टरांना सांगितलं, तर हार्मोनच्या गोळ्यांचं पुढचं पाकीट लगेच सुरू करून पाळी लांबवता येते का, ते तेच सांगतील.

कर्करोगाची भीती बहुतेकींच्या मनात असते, म्हणून दोन्ही बाजू सांगते. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळीमुळे कमी होतो, आणि ते संरक्षण गोळी बंद केल्यावरही बरीच वर्षं टिकतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना थोडा वाढतो, थांबवल्यावर हळूहळू उतरतो. पाच वर्षांहून जास्त काळ घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो, म्हणून त्याची तपासणी चुकवू नका.

आता सर्वांत गोंधळाचा भाग. गोळीवर दर महिन्याला येणारा रक्तस्राव म्हणजे हार्मोन थांबल्यामुळे येणारा स्राव. खरी पाळी नव्हे. त्यामुळे तो येतो म्हणजे रजोनिवृत्ती झाली नाही, असं म्हणता येत नाही. संयुक्त गोळी चालू असताना एफएसएचची (रजोनिवृत्ती ओळखायला मोजतात त्या हार्मोनची) रक्ततपासणीही भरवशाची नसते. म्हणून वय पाहून ठरवावं लागतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पन्नाशीला संयुक्त गोळी थांबवून दुसरं साधन घ्यावं. हार्मोन नसलेलं साधन असेल तर शेवटच्या पाळीनंतर, वय पन्नाशीच्या आत असल्यास दोन वर्षं आणि पुढे असल्यास एक वर्ष ते चालू ठेवावं. पाळी अनियमित झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. या काळातही गर्भ राहतो.

गोळी सोडताना मध्ये खंड पडू देऊ नका. चाळिशीनंतर बसवलेली कॉपर-टी रजोनिवृत्तीपर्यंत ठेवता येते. रक्तस्राव जास्त होत असेल तर हार्मोनयुक्त आययूडीबद्दल (कॉपर-टीसारखंच गर्भाशयात बसवायचं साधन) विचारा. आणि पतीला सोबत न्या. बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही छोटी शस्त्रक्रिया आहे. इतकी वर्षं गोळी तुम्ही घेतली, आता त्यांनीही विचार करायला काय हरकत आहे?

मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान चार आठवडे आधी सर्जनना गोळीबद्दल सांगा. एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ, कधीच झाली नव्हती अशी डोकेदुखी, बोलणं अडखळणं किंवा दिसणं अंधुक होणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.