देवयानी दीर्घिकेच्या बटू सोबतिणी दुर्बिणीतून कशा शोधाव्यात

देवयानी दीर्घिका, म्हणजेच शार्ल मेसिए यांच्या यादीतील एम ३१, ही आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली प्रचंड सर्पिल दीर्घिका आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या तीसहून अधिक बटू, म्हणजे लहान आकाराच्या, दीर्घिका आज ज्ञात असल्या, तरी हौशी निरीक्षकाच्या मध्यम आकाराच्या दुर्बिणीत पाहता येतात त्या चारच: एम ३२, एम ११०, एनजीसी १८५ आणि एनजीसी १४७ (एनजीसी म्हणजे ‘न्यू जनरल कॅटलॉग’ ही सूची). त्या याच क्रमाने शोधाव्यात, कारण या क्रमाने प्रत्येक पुढची दीर्घिका मागचीपेक्षा अवघड होत जाते आणि नजरेला सराव मिळत जातो.

अवघड म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. तारका-सूचीत एम ३२ आणि एम ११० या दोघींची दृश्य प्रत (तेजाचा आकडा; तो जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी) जवळजवळ सारखीच, आठच्या आसपास दिलेली असते. तेवढ्यावर विसंबणाऱ्याला दोन्ही सारख्याच सहज दिसतील असे वाटते. प्रत्यक्षात एम ११० चा प्रकाश आकाशाच्या जवळपास चौपट क्षेत्रावर पसरलेला आहे, त्यामुळे तिची पृष्ठतेजस्विता, म्हणजे दर क्षेत्रफळामागचे तेज, बरीच कमी पडते आणि शहराच्या उजेडात एम ३२ स्पष्ट दिसत असतानाही ती पूर्णपणे नाहीशी होऊ शकते. म्हणून निरीक्षणाची आखणी करताना प्रतीच्या आकड्याशेजारी दीर्घिकेचा कोनीय विस्तारही (आकाशात दिसणारा आकार) लिहून ठेवावा. बटू दीर्घिकांच्या बाबतीत माझ्या मते तोच आकडा अधिक उपयोगाचा असतो.

निरीक्षणासाठी चंद्र नसलेली रात्र निवडावी. उत्तर गोलार्धात ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सोयीचा, कारण तेव्हा देवयानी रात्रीच्या सोयीच्या वेळी आकाशात उंच असते. हवा स्थिर असण्यापेक्षा ती स्वच्छ, धूळ व बाष्परहित असणे येथे महत्त्वाचे आहे. डोळे अंधाराला सरावण्यास अर्धा तास द्यावा आणि नकाशा पाहण्यासाठी मंद लाल दिवाच वापरावा. तेजोमेघांसाठी विकले जाणारे फिल्टर मात्र बाजूला ठेवावेत. ते वायूच्या ठरावीक वर्णरेषा तेवढ्या पुढे जाऊ देतात, तर दीर्घिकांचा प्रकाश हा मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत विखुरलेला असल्याने फिल्टरमुळे तोच अडवला जातो.

सुरुवातीला कमीत कमी वर्धन देणारी नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) लावावी. वस्तुभिंगाचे किंवा आरशाचे नाभीय अंतर १२०० मिमी असेल आणि नेत्रिका २५ मिमीची असेल, तर वर्धन ४८ पट होते. नेत्रिकेच्या आभासी क्षेत्राला (नेत्रिकेत दिसणाऱ्या वर्तुळाच्या कोनीय रुंदीला), समजा ५० अंशांना, या संख्येने भागले की प्रत्यक्ष क्षेत्र एक अंशाहून किंचित जास्त येते. एवढ्या क्षेत्रात एम ३१ चा गाभा, एम ३२ आणि एम ११० अशा तिन्ही एकाच वेळी कशाबशा मावतात.

एम ३१ कडे जाण्यासाठी महाश्वाच्या चौकोनातील अल्फेराट्झ या ताऱ्यापासून ईशान्येकडे जाणाऱ्या रांगेतला मिराक हा ठळक तारा गाठावा, तेथून वायव्येकडे वळून म्यू आणि न्यू देवयानी हे मंद तारे ओलांडावेत. न्यूच्या पश्चिमेला एक अंशाहून थोड्या जास्त अंतरावर दीर्घिकेचा गाभा येतो. दुर्बिणीत दिशा उलट्या किंवा आरशातल्यासारख्या दिसतात, त्यामुळे येथे बराच गोंधळ होतो. त्यावर साधा उपाय असा की दुर्बीण क्षणभर स्थिर सोडावी. तारे ज्या बाजूने क्षेत्राबाहेर जातात ती पश्चिम समजावी.

एम ३२ गाभ्याच्या दक्षिणेला सुमारे २४ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे. कमी वर्धनात ती किंचित पसरट ताऱ्यासारखी दिसते आणि अनेक जण तिला तारा समजून पुढे जातात, म्हणून वर्धन शंभरपटीपर्यंत वाढवून शेजारच्या खऱ्या ताऱ्यांशी तिची तुलना करावी. तारे टोकदार राहतात. ती मात्र फुगते व मध्याकडे झपाट्याने उजळत जाते. या घट्ट गाभ्यात सूर्याच्या सुमारे २५ लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे.

एम ११० गाभ्याच्या वायव्येला, सुमारे ३६ कलांवर, म्हणजे एम ३२ च्या दीडपट अंतरावर आणि साधारण विरुद्ध बाजूला शोधावी. येथे वर्धन पुन्हा कमी करावे आणि नजर थेट त्या जागी न रोखता थोडी बाजूला ठेवावी; दृष्टिपटलाचा कडेचा भाग मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. तरीही काही दिसले नाही, तर नळीला हलकेच टिचकी मारावी, कारण स्थिर डागापेक्षा हलणारा डाग डोळ्याला लवकर जाणवतो. या दीर्घिकेने नामांकित निरीक्षकांच्या नोंदींतही उशिरा जागा मिळवली: शार्ल मेसिए यांनी ती १७७३ मध्ये पाहिली, पण आपल्या प्रसिद्ध केलेल्या यादीत घेतली नाही, खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शेल यांनी १७८३ मध्ये ती स्वतंत्रपणे शोधली, आणि ११० हा क्रमांक तर तिला विसाव्या शतकात मिळाला.

उरलेल्या दोघी देवयानीच्या सीमेबाहेर, शर्मिष्ठा तारकासमूहात, एम ३१ च्या उत्तरेला सुमारे सात अंशांवर आहेत. त्यासाठी ओमिक्रॉन शर्मिष्ठा हा तारा गाठावा. त्याच्या पश्चिमेला जवळपास एक अंशावर एनजीसी १८५ आणि तितकेच आणखी पुढे एनजीसी १४७ आहे. पहिलीचा मध्य थोडा उजळ असल्याने १५० मिमी व्यासाच्या दुर्बिणीतून अंधाऱ्या आकाशात ती पकडता येते. दुसरीची प्रत फारशी वेगळी नाही, परंतु तिचा प्रकाश इतका सपाट पसरलेला आहे की २०० मिमीच्या दुर्बिणीतही ती दिसली की भासली, हे सांगणे कठीण होते.

हा संशय दूर करण्याची एक चांगली युक्ती आहे. या दोन्ही दीर्घिका आणि ओमिक्रॉन तारा यांची क्रांती (आकाशातील उत्तर-दक्षिण स्थान) जवळपास सारखी, १४ कलांच्या आतच वेगळी आहे, आणि विषुवांशात (वेळेच्या एककात मोजल्या जाणाऱ्या पूर्व-पश्चिम स्थानात) प्रत्येकात सुमारे पावणेसहा मिनिटांचा फरक आहे. म्हणून एनजीसी १४७ वाटणारा डाग क्षेत्राच्या मध्यावर आणून दुर्बीण अजिबात न हलवता घड्याळ लावावे. डाग खरा असेल, तर पावणेसहा मिनिटांनी एनजीसी १८५ मध्याच्या किंचित दक्षिणेकडून सरकताना दिसेल आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने ओमिक्रॉन येईल. क्रम किंवा वेळ जुळली नाही, तर निरीक्षण वहीत संशयित म्हणूनच नोंदवावे. दुर्बिणीची आपोआप ताऱ्यांचा मागोवा घेणारी जुळणी असेल, तर तिची मोटर या परीक्षेपुरती बंद करावी.

या दीर्घिकांतील तारे सुटे सुटे दिसावेत अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेले ते काम माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण, लाल प्रकाशाला संवेदनशील छायाचित्रणाच्या काचा आणि युद्धकाळात अंधारलेले लॉस एंजेलिस यांमुळे साधले होते. देवयानी १, २ आणि ३ यांसारख्या त्याहून मंद सोबतिणी खगोलशास्त्रज्ञ सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी छायाचित्रांवरूनच शोधल्या. त्यांच्यासाठी नेत्रिका काढून कॅमेरा जोडावा आणि अनेक दीर्घ छायाचित्रे एकत्र रचावीत.