स्पिंडल ड्राइव्हचा दोष शोधताना आधी अलार्म येण्याची वेळ पाहा

सीएनसी (संगणक-नियंत्रित) मिलिंग मशीनचा स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरवणारा दंड, अचानक थांबला आणि पडद्यावर अलार्म आला, की ‘ड्राइव्ह गेला’, म्हणजे मोटारीला वीज देऊन तिचा वेग नियंत्रित करणारे उपकरण बिघडले, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. अनेकदा मात्र दोष मोटार, केबल, एन्कोडर (वेग व कोन मोजणारा सेन्सर) किंवा वीजपुरवठ्यात असतो आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी थांबलेला असतो. म्हणून रीसेट करण्यापूर्वी अलार्मचा क्रमांक टिपून घ्यावा आणि तो वेग घेताना आला, कटिंग चालू असताना आला, की थांबताना, हे ऑपरेटरला विचारावे. माझ्या मते क्रमांकापेक्षा या उत्तरातून अधिक कळते.

पॅनेल उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे. ४०० व्होल्ट पुरवठ्यावरील ड्राइव्हच्या डीसी बसवर (आतल्या एकदिश विजेच्या वाहिनीवर) सुमारे ५६५ व्होल्ट असतात आणि वीज तोडल्यावरही कपॅसिटर काही मिनिटे भारित राहतात. दर्शक दिवा विझला एवढ्यावर विसंबू नये. ड्राइव्हवर लिहिलेली वेळ जाऊ द्यावी आणि बसचे व्होल्टेज मीटरने मोजूनच हात लावावा.

वेग घेताच ओव्हरकरंटचा अलार्म येत असेल, तर तपासणी मोटारीपासून सुरू करावी. यू, व्ही, डब्ल्यू या मोटारीच्या तीन फेजच्या तारा ड्राइव्हवरून सोडवून दोन-दोन फेजमधील रोध मोजावा. हा रोध बहुधा इतका कमी असतो, की साध्या मीटरवरच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तिन्ही वाचने सारखी आहेत का, एवढेच पाहावे. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक फेज व अर्थ यांतील इन्सुलेशन तपासावे, मात्र तारा ड्राइव्हला जोडलेल्या असताना मेगर कधीही लावू नये, कारण त्याने धडधाकट ड्राइव्हही निकामी होऊ शकतो. वाचन १ मेगाओमच्या खाली गेले, तर मोटारीच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडून पाहावे. ग्लँडमधून (केबल आत येते त्या तोंडातून) झिरपलेल्या कूलंटचा चिकट थर टर्मिनलांवर साचलेला आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. मोटार गार असताना वाचन चांगले आले आणि अलार्म मात्र तासाभराच्या कामानंतरच येत असेल, तर तीच चाचणी मोटार गरम असताना पुन्हा करावी.

मोटार व केबल निर्दोष ठरल्यावरच ड्राइव्हकडे वळावे. मल्टिमीटर डायोड श्रेणीवर ठेवून लाल प्रोब डीसी बसच्या ऋण टर्मिनलला आणि काळा क्रमाने यू, व्ही, डब्ल्यूला लावावा. तिन्ही ठिकाणी साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट दिसायला हवेत. धन बाजूसाठी काळा प्रोब धन टर्मिनलला व लाल प्रोब तिन्ही फेजना लावून असेच पाहावे. एखादे वाचन शून्याजवळ आले, तर आयजीबीटी मॉड्यूल (मोटारीला वीज देणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा संच) शॉर्ट झालेले आहे.

थांबतानाच ओव्हरव्होल्टेज येत असेल, तर रोख वेगळा असतो. वेग कमी होताना मोटार जनित्रासारखी वागते आणि तिची ऊर्जा डीसी बसवर परतते. ती ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जिरली नाही किंवा पुरवठ्यात परत गेली नाही, तर व्होल्टेज चढते. रेझिस्टरचा रोध त्याच्या पट्टीवरील आकड्याशी ताडून पाहावा. थांबण्याचा कालावधी वाढवल्याने अलार्म नाहीसा झाला, तर शोधाची दिशा बरोबर आहे असे समजावे, परंतु तोच उपाय मानून मशीन चालवत राहणे मला योग्य वाटत नाही.

वेगातील तफावतीचा अलार्म, किंवा एम१९ (स्पिंडल ठरावीक कोनात थांबवण्याची आज्ञा) दिल्यावर स्पिंडल दर वेळी निराळ्या कोनात थांबणे, हे बहुधा फीडबॅकचे, म्हणजे वेग व कोन ड्राइव्हला कळवणाऱ्या भागाचे, दुखणे असते. एन्कोडरचा कनेक्टर, केबलच्या शील्डचे अर्थिंग, सेन्सर व दातेरी चक्र यांमधील अंतर आणि तिथे अडकलेला धातूचा कीस तपासावा. मोटार व स्पिंडल यांच्यामध्ये बेल्ट असल्यास तो घसरत नाही ना, हेही पाहावे.

कटिंग चालू असताना ओव्हरलोड येत असेल, तर टूल काढून स्पिंडल मोकळा फिरवावा. तरीही लोड मीटर नेहमीपेक्षा वर राहिला, तर बेअरिंगचा किंवा जास्त ताणलेल्या बेल्टचा संशय घ्यावा. ओव्हरहीटसाठी पंखा, पॅनेलचा फिल्टर आणि हीटसिंकवरची धूळ पाहणे बहुधा पुरेसे ठरते.

ड्राइव्ह बदलावाच लागला, तर जुन्या ड्राइव्हचे पॅरामीटर आधी उतरवून घ्यावेत आणि मोटारीची मेगर चाचणी झाल्याशिवाय नवा जोडू नये. पहिली फेरी टूलशिवाय कमी वेगाने घ्यावी, तिन्ही फेजचे करंट क्लॅम्प मीटरने ताडून पाहावेत आणि मगच वेग टप्प्याटप्प्याने वाढवत पूर्ण वेगावरून थांबण्याची चाचणी करावी.