पीसीओएस आहे? मग उपाशीपोटीच्या साखरेवर थांबू नका

मी लॅबमध्ये रक्त घेते. पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा तोल बिघडण्याचा त्रास) असलेल्या मुली चिठ्ठी घेऊन येतात, तिच्यावर हार्मोन्सच्या तपासण्या भरपूर आणि साखरेची एकच, उपाशीपोटीची. ती नव्वदच्या आसपास आली की सगळे निर्धास्त होतात. मला तेव्हाच काळजी वाटते. पीसीओएसमध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन सोडून सकाळची साखर सांभाळून नेतं, पण एकदम ग्लुकोज पोटात गेलं की ताण उघडा पडतो.

म्हणून डॉक्टरांना ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीबद्दल विचारा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हीच सगळ्यांत अचूक मानली आहे, वजन कितीही असो. बारीक मुलींनाही लागू! दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक. १४० ते १९९ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, २०० आणि वर मधुमेहाची पातळी. चांगली आली तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची.

तयारी नीट करा. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. रिपोर्ट चांगला यावा म्हणून पिष्टमय पदार्थ तोडले, तर साखर उलट चढलेली दिसू शकते. रात्रभर उपास, किमान आठ तास. साधं पाणी चालतं. ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं. तिसऱ्या-चौथ्या घोटाला तोंड फिरतं, ग्लास खाली ठेवावासा वाटतो. तरी प्या, आणि मग दोन तास बसून राहा. फोनवर बोलत फेऱ्या मारल्या की स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खोटा उतरतो. उलटी झाली तर लगेच सांगा, लपवू नका. ती चाचणी धरता येत नाही.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सोबत हिमोग्लोबिनही पाहा. पाळीत रक्तस्राव जास्त होऊन लोह कमी पडलं असेल, तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, बहुतेकींची नजर एकूण कोलेस्टेरॉलवर जाते. तुम्ही ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ५० च्या खाली आहे का ते पाहा. इन्शुलिनचा बिघाड या जोडीत दिसतो. रक्तदाबही मोजून घ्या.

उपाशीपोटीचं इन्शुलिन करू का, असं फार जणी विचारतात. माझ्या मते आधी ग्लुकोजची चाचणी करा. इन्शुलिनचे आकडे लॅबगणिक बदलतात, त्यावरून निदान ठरत नाही.

मेटफॉर्मिन (इन्शुलिनचा परिणाम सुधारणारी गोळी) बराच काळ चालू असेल तर बी१२ तपासायला विसरू नका.

टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी रक्त द्यायला येताना चालू गोळ्यांची नावं लिहून आणा. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन काही यंत्रांवर आकडे बिघडवतं. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) वाढतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं. मात्र तपासणीसाठी त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. कधी थांबवायच्या आणि तोवर काय वापरायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.