चखणा लावायचा कसा

वेंगुर्ल्यात घरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देते मी. संध्याकाळी समुद्रावरून मंडळी परतली की ओटीवरून हाक येतेच, "काकू, चखण्याला काय आहे?" सुरुवातीला शब्द ऐकूनच कपाळाला आठी पडायची. आमच्या घरात तो बाटलीशेजारचा शब्द. त्यात पहिल्याच मे महिन्यात मी चखणा म्हणून डझनभर तळलेले बांगडे आणि परातभर वडे पुढे ठेवले. चौघांनी फस्त केले आणि रात्री कोंबडीच्या सागोतीला बोट लावलं नाही. सासरे टोप झाकताना एवढंच म्हणाले, "पोट भरला तर तो चखणो कसलो?"

तेव्हा आधी शब्द समजून घ्या, मग बशी चुकत नाही. चाखणे म्हणजे चव बघणे. प्राकृतात 'चक्खइ' म्हणजे 'चव घेतो'. प्राकृतातलं असं जोडाक्षर मराठीत आलं की सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. हत्थचा हात झाला, सत्तचे सात, तसंच चक्खचं चाख. म्हणजे 'चखणा' हा आखूड 'च' हिंदीच्या 'चखना'वरून आलेला, आणि मालवणीत आम्ही त्याचा चखणो केला. अर्थ मात्र तोच, चवीपुरतं.

स्पेन फिरून आलेली एक पाहुणी सांगत होती, तिकडे याला तापास म्हणतात. 'तापा' म्हणजे झाकण. माशी पडू नये म्हणून पेल्यावर पावाचा नाहीतर मांसाचा काप ठेवायचे, तेच पुढे खाणं झालं, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण अंगणात सुकट वाळत घालणाऱ्या बाईला ती लगेच पटते! तुर्कांचं, अरबांचं 'मेझे' तर आपल्या घरचंच निघालं. मूळ फारसी शब्द चवीचा, आणि आपली 'मजा' त्याच शब्दातून आलेली.

आता बशी. माणशी चार-पाच घास, जास्त नाही. भात, वडे, पाव यांतलं काही ठेवू नका. खारट, आंबट आणि कुरकुरीत असं एकेक हवं. मी सोलं (आमसुलं) घातलेलं सुकटीचं किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, खोबरेल तेलात तळलेले फणसाचे गरे आणि एखादी सांडगी मिरची ठेवते. मार्च-एप्रिलात ओले काजू मिळाले तर नुसते मीठ लावून परतते. ते सोलताना चीक हाताला लागतो आणि कातडी जाते, तेव्हा आधी बोटांना तेल चोळा.

किसमूर सोपं वाटतं आणि तिथेच फसतं. वाटीभर जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आधी चाळणीत घोळवा, तळाला रेती पडेल. मग लोखंडी तव्यावर, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर भाजा. ओलसर वास आधी येतो, तो जाऊन खमंग वास सुटला की एक जवळा बोटांत दाबून बघा. कुडकन मोडला पाहिजे, वाकला तर अजून दोन मिनिटं. परातीत ओतून पूर्ण गार करा. गरम जवळ्यात खोबरं घातलंत तर सगळं मऊ पडतं. कांदा अगदी बारीक, मूठभर ओलं खोबरं, एक हिरवी मिरची, भिजवून चुरलेली तीन-चार सोलं, वरून चमचाभर कच्चं खोबरेल. मिठाला हात लावण्याआधी चाखा, जवळा मुळात खारा असतो. मी एकदा न चाखता मीठ घातलं, सगळं किसमूर मांजरीला गेलं, आणि तिनेही सोडलं.

हे सगळं वेगवेगळं तयार ठेवायचं आणि माणसं बसली की कालवायचं. दहा मिनिटांत कुरकुर जाते. 1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद झाली की ताजं फारसं मिळत नाही, तेव्हा डब्यातला जवळाच कामाला येतो. डबा पत्र्याचा नको, काचेची बरणी घ्या आणि पावसाच्या आधी एकदा कडक ऊन दाखवा.

आणि हो, बशी ओटीवर नेली की जेवणाची वेळ सांगूनच परत फिरा. मी साडेआठ सांगते.