तलंगांची मऊ कवचाची अंडी : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात परड्यात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंडी देणाऱ्या तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या की एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी खुराडे उघडावे, तर दांडीखालच्या भुशात कवच नसलेले, नुसत्या पांढुरक्या पडद्यात सामावलेले अंडे पडलेले असते आणि बोटाने दाबताच त्याला खळगा पडतो. ते पाहून घाईघाईने औषधाच्या बाटल्या आणणे ही पहिली चूक होय. तलंगेच्या शरीरातील अंडे घडवण्याचे चक्र सुरुवातीला नीट बसलेले नसते. कधी कवच चढण्याआधीच अंडे पुढे सरकते, तर कधी एका पाठोपाठ दोन अंडी तयार होऊन दुसऱ्याच्या वाट्याला कवच उरत नाही. पहिल्या काही आठवड्यांत अधूनमधून असे एखादे अंडे मिळाले, तर तो आजार नव्हे.

मात्र हा प्रकार वरचेवर होऊ लागला, तर आधी खाद्याचे भांडे तपासावे. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. मध्यम आकाराची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते आणि लेअर खाद्यात (अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात) कॅल्शियमचे प्रमाण ३.५ ते ४ टक्के असल्यामुळे तिला जवळपास ४ ग्रॅम कॅल्शियम मिळते; त्यातले सगळे काही अंगी लागत नाही, तरीही गरज भागते. आपल्याकडे पोत्याची किंमत परवडत नाही म्हणून त्यात निम्मा जोंधळा, मक्याचा भरडा किंवा कोंडा मिसळला जातो. धान्यात कॅल्शियम नावालाच असते, त्यामुळे कोंबडीच्या पोटात जाणारे कॅल्शियमही निम्म्यावर येते आणि उरलेली तूट ती स्वतःच्या हाडांतून भरून काढते. दाणे घालायचेच असतील, तर मुख्य खाद्य खाऊन झाल्यावर, संध्याकाळी मूठभरच घालावेत.

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. पुढे कवच भक्कम व्हावे म्हणून दहा-बारा आठवड्यांच्या पिलांना लेअर खाद्य सुरू केले, तर जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि पक्षी कायमचा अधू होऊ शकतो. अंड्यावर येईपर्यंत सुमारे १ टक्का कॅल्शियम असलेले ग्रोअर खाद्यच, म्हणजे वाढत्या पक्ष्यांसाठीचे खाद्यच योग्य आहे. गिरिराजसारख्या किंवा गावठी कोंबड्या अंडी देणाऱ्या संकरित जातींपेक्षा उशिरा अंड्यावर येतात; म्हणून नुसते आठवडे मोजत न बसता तुरा लाल होऊन तलंग खुराड्यात अंड्यासाठी जागा शोधू लागली की खाद्य बदलावे.

कॅल्शियम वेगळे देतानाही त्याचे रूप आणि वेळ चुकते. कवच चढायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो, म्हणजे नेमकी कोंबडी काही खात नाही ती वेळ. बारीक पूड लवकर पुढे निघून जाते. शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे जाडसर खडे मात्र पेटरीत (दाणे दळणाऱ्या जठरात) रेंगाळून रात्रभर हळूहळू विरघळतात. असे खडे खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावेत; संध्याकाळच्या सुमारास तर ते समोर असायलाच हवेत. जिला गरज आहे ती आपणहून टिपते. पानाचा चुना पाण्यात कालवण्याचा घरगुती उपाय मात्र सोडून द्यावा, कारण निवळीत कॅल्शियम फारच थोडे उतरते आणि चुना दाहक असल्याने कोंबड्या पाणी पिणेच कमी करतात. घरातील अंड्यांची टरफले वापरायची असल्यास ती भाजून, ओळखू येणार नाहीत इतपत कुटून द्यावीत, नाहीतर अंडी फोडून खाण्याची खोड लागते. मऊ अंडे खुराड्यात तसेच राहिले तरी हीच खोड जडते, म्हणून ते दिसताच उचलावे.

एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेही कवच पातळ होते. तिथे सावली आणि गार पाणी हाच उपाय. खानापूरकडच्या पावसात कोंबड्या दिवसेंदिवस कोंडून राहतात, ऊन न मिळाल्याने डी-३ जीवनसत्त्व कमी पडते आणि दिलेले कॅल्शियमही वाया जाते. रात्री मांजर, मुंगूस किंवा फटाके यांनी घाबरलेली कोंबडीही कवच पुरे होण्याआधी अंडे टाकते.

खाद्य सुधारूनही फरक पडला नाही, जुन्या कोंबड्याही सुरकुतलेली अंडी देऊ लागल्या, शिंका किंवा घरघर ऐकू आली अथवा अंड्यातील पांढरे पाण्यासारखे झाले, तर संसर्गजन्य आजाराची शंका घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. एखादी तलंग पिसे फुलवून, शेपटी खाली पाडून कुंथत बसली असेल, तर अंडे आत अडकलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी पोट दाबू नये. मऊ अंडे आत फुटल्यास ते जिवावर बेतते, त्यामुळे डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे.