ब्लॉगसाठी फुकटचे फोटो घेताना या चुका टाळा

"गूगलवर होता म्हणून घेतला." नव्यानं लिहू लागलेल्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता थेट हात जोडतो. गूगल फोटो देत नाही, तो कुठे आहे एवढंच दाखवतं. 'टूल्स'मध्ये जाऊन 'युसेज राइट्स'खाली 'क्रिएटिव्ह कॉमन्स' (काही अटींवर फोटो मोफत वापरू देणारे परवाने, थोडक्यात सीसी) निवडा, आणि त्यानंतरही मूळ पानावर जाऊन परवाना वाचा. दोन मिनिटांचं काम आहे. लेखासाठी चार तास बसणाऱ्या माणसाला ही दोन मिनिटं जड का होतात, हे मला अजून कळलेलं नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फोटोखाली 'सौजन्य: इंटरनेट' किंवा 'फोटो: विकिमीडिया' लिहून मोकळं होणं. 'विकिमीडिया'वाली चूक मी स्वतः केली आहे. कार्ल्याच्या लेण्यांवरच्या लेखासाठी चैत्यगृहाच्या आतला एक सुंदर फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोंच्या साइटवरून घेतला, थोडा कापला, वर लेखाचं शीर्षक चढवलं आणि विसरून गेलो. दीड वर्षानं ज्यांनी तो काढला होता त्यांची मेल आली. परवाना होता सीसी बाय-एसए ३.०. म्हणजे छायाचित्रकाराचं नाव द्यायचं, परवान्याचा दुवा द्यायचा, बदल केला असेल तर तसं सांगायचं आणि बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. यातलं एकही मी केलं नव्हतं. विकिमीडिया हे कोठार आहे. फोटो काढणारा माणूस वेगळा.

परवान्याची आवृत्तीही बघत चला. २०१३ साली आलेल्या ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर गेलेला हक्क आपोआप परत मिळतो. ३.० मध्ये ही सवलत नाही, अट मोडली की परवाना तिथेच संपतो. त्यामुळे मी पूर्णपणे त्या गृहस्थांच्या मर्जीवर होतो. त्यांनी पैसे मागितले नाहीत. हवा तसा उजेड मिळावा म्हणून आपण तीनदा त्या पायऱ्या चढलो होतो, एवढंच त्यांनी कळवलं. त्या रात्री मी जुने सगळे लेख उघडून बसलो. अकरा फोटोंचं मूळ सापडेना, ते काढून टाकले.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. फोटो उतरवला की फाइलच्या नावातच विषय, छायाचित्रकार, परवाना आणि ठिकाण लिहितो, आणि त्याच वेळी त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन ठेवतो. स्क्रीनशॉट अशासाठी की नियम बदलतात. अनस्प्लॅश या मोफत फोटोंच्या साइटवरचे फोटो २०१७ च्या मध्यापर्यंत सीसी झिरोखाली, म्हणजे जवळजवळ बिनअटीचे मिळायचे, मग त्यांनी स्वतःचा परवाना आणला. पिक्साबे या तशाच साइटनं २०१९ मध्ये तेच केलं. तुम्ही कधी आणि कोणत्या अटींवर घेतला, हे नंतर कुणी विचारलं तर नुसत्या आठवणीवर भागत नाही.

ब्लॉगवर जाहिराती असतील तर 'एनसी' (नॉन-कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक वापर नको) लिहिलेल्या फोटोंपासून लांब राहा. 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल नको) असेल तर कापाकापी नको. आणि दुसऱ्याच्या साइटवरच्या फोटोचा पत्ता थेट आपल्या लेखात डकवू नका. त्यांनी फाइल हलवली की तुमच्याकडे रिकामा चौकोन उरतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ओळखीच्या एकांनी वारली चित्रांवर मन लावून लेख लिहिला आणि वर फुकट साइटवरचं पहिलंच चित्र लावलं. त्यातल्या माणसांना डोळे होते, हाताला पाच-पाच बोटं होती, अंगावर छायाप्रकाश होता. वारलीत टोकाला टोक भिडलेल्या दोन त्रिकोणांचं धड असतं, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात काढलेलं. ते चित्र यंत्रानं, म्हणजे एआयनं बनवलेलं होतं. डहाणूकडच्या एका वाचकानं तसं कळवलं, आणि त्या चांगल्या लेखावरचा विश्वास एका चित्रापायी गेला.

माणसानं केलेलं चित्र हवं असेल तर मी आधी चढवल्याची तारीख बघतो. वाक्य लिहून चित्र काढणारी साधनं सर्वांच्या हाती आली ती २०२२ मध्ये. त्याआधीचं असेल तर माझा जीव शांत होतो. कॉमन्सवर पानाच्या तळाशी बहुतेकदा कॅमेरा आणि शटरचा वेग दिलेला असतो. मग त्याच माणसाचे बाकीचे फोटो चाळतो. खरा भटक्या एकाच जागेचे दहा-पंधरा फोटो टाकतो, त्यात दोन हललेलेही असतात.

पण खऱ्या वारली चित्रातही एक खाच आहे. चित्राचा फोटो कुणी मोफत दिला म्हणून चित्रकाराचा हक्क संपत नाही. आपल्या कायद्यानुसार तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे २०१८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८ अखेरपर्यंत आहे. राजा रविवर्मा १९०६ साली गेले आणि चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली, त्यांची चित्रं खुशाल वापरा. हयात कलाकाराचं चित्र हवं असेल तर फोन करून विचारा आणि मानधन द्या.

शोधताना घाई करणारे 'रायगड' लिहून काही मिळालं नाही की हात टेकतात. कॉमन्सवरचे वर्ग (कॅटेगरी) इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजीतही शोधा, स्पेलिंग बदलून बघा, आणि छत्तीसगडचं रायगढ मध्ये घुसतं तेही लक्षात ठेवा. ज्वारीच्या भाकरीचा फोटो शोधताना मला परदेशी साइटवर नानच मिळत राहिले. शेवटी आईला म्हटलं, उद्या भाकऱ्या चुलीवर कर. सकाळी आठच्या उन्हात, टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर जाताना मोबाइलवर नऊ फोटो काढले. त्यातले चार कॉमन्सवर सीसी बाय-एसए ४.० खाली ठेवलेत. वापरा, खाली नाव आणि परवान्याचा दुवा द्या, वर सांगितलेल्या बाकीच्या अटीही पाळा.