सर्चमध्ये न सापडणारा ‘वऱ्हाडी मसाला’

नागपुरातील इतवारीच्या एका मसालेविक्रेत्यासाठी मी तयार केलेल्या संकेतस्थळावर ‘सावजी मसाला’ शोधला की मिळत असे. ‘वऱ्हाडी मसाला’ मात्र पडद्यावर समोर दिसत असूनही सर्चमध्ये सापडत नव्हता. घाईत मी आधी सर्चच्या फाइलमध्ये त्या एका शब्दापुरती अट घातली, मग तशीच अट यादीच्या पानावर आणि बिलातही चिकटवली. ही ठिगळे माझीच, हे कबूल करायला हवे.

खरे कारण अक्षरांच्या साठवणीत होते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह (यू+०९३१) आहे. परंतु तेच अक्षर ‘र’ (०९३०) आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब (०९३सी), मिळूनही लिहिले जाते, आणि काही कीबोर्ड ‘ऱ्ह’साठी र, हलंत (पाय मोडण्याची खूण) व अदृश्य जोडचिन्ह (२००डी) वापरतात. डोळ्यांना तिन्ही रूपे एकच भासतात, संगणकाला मात्र ती निराळी.

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन एनएफसी या, सुटी चिन्हे जोडून एकच ठरलेले रूप देणाऱ्या, पद्धतीने पहिली दोन रूपे एक करते. तिसऱ्याला ते हात लावत नाही, म्हणून ‘र, हलंत, जोडचिन्ह’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलंत’ ठेवणारी एक ओळ वेगळी लिहावी लागली. हे सारे एकाच छोट्या फंक्शनमध्ये ठेवून ते माल नोंदवताना आणि शोधताना, अशा दोनच ठिकाणी बोलावले, जुन्या नोंदी एकदा त्यातून काढल्या आणि तिन्ही ठिगळे पुसून टाकली.